पाठीला भोपळा, छातीला जाकीट

ज्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत टँकर आला की सगळी घागरी घेऊन पळायची, त्याच उन्हाळ्यात मी पाण्यात बुडू नये म्हणून जाकीट घ्यायला निघाले. उस्मानपुऱ्यातला खेळाच्या सामानाचा दुकानदार माझ्याकडं बघतच राहिला. "बाई, इधर नहाने को पानी नै, तुम डूबने को कां जा रै?"

मलाही हसू फुटलं. पण गरज खरी होती. शेंद्र्याच्या कारखान्यातल्या आम्ही काही मैत्रिणी कोकणात सर्फिंग शिकायला जाणार होतो. लाटेवर फळी टाकायची आणि तिच्यावर उभं राहायचं! मला तर पोहताही येत नव्हतं. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, साफ सांगितलं होतं, "आधी मला तरंगून दाखव. नाय जमलं तर जायचं नाय." कमावती असले तरी अण्णांचा शब्द ओलांडायची माझी छाती नव्हती. आणि खरं सांगते, समुद्राची धास्ती मलाही होतीच.

दुकानदारानं तीन जाकिटं पुढ्यात टाकली. पहिलं नारिंगी, जाडजूड, मानेला उशी असलेलं. ते घालून मी सरळ त्याच्या बाकड्यावर पालथी पडले आणि हात मारून बघितले, कारण फळीवर असंच पडून पुढं सरकायचं असतं. हनुवटी उशीत रुतली, काखा दोन मिनिटांत काचल्या. दुसरं इतकं मऊ की काढूच नये वाटलं. पण आतल्या पट्टीवर लिहिलं होतं, हे फक्त मुका मार झेलायला, तरंगवायला नाही. काय म्हणावं! तिसरं डोक्यातून घालायचं, दोन्ही कुशींना पट्टे, छातीशी जाड आणि पाठीला पातळ. हात मोकळे फिरत होते.

"पाठीला पातळ का?" मी विचारलं.

"कंपनी ऐसाच देती," तो म्हणाला. माझे प्रश्न संपत नाहीत हे बघून तो चहा प्यायला गेला.

आईनं निघतानाच बजावलं होतं, "एक नंबर मोठंच आण, पुढं अंग सुटलं तर?" आमच्या घरात शाळेच्या गणवेशापासून लग्नातल्या ब्लाउजपर्यंत सगळं असंच, पुढचा विचार करून. मी त्या तिसऱ्यातलं मोठंच आणलं. अण्णांनी मला अंगणात उभं केलं, जाकिटाचे दोन्ही खांदे धरले आणि बादली ओढावी तसं वर ओढलं. जाकीट कानापर्यंत गेलं, मी आतून डोळे मिचकावत होते.

"पाण्यात हे वर राहील अन् तू खाली," अण्णा म्हणाले. आई पावती शोधायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी मी ते बदलून आणलं. नवं अंगाला घट्ट बसत होतं, तरी पोटभर श्वास घेता येत होता. अण्णांनी ओढलं, ते हललं नाही. तरी त्यांचं समाधान होईना. "सगळा फुगवटा छातीला? येड्यानं शिवलंय व्हय हे? तरंगायचं सामान पाठीला पाहिजे!"

कन्नडजवळच्या त्यांच्या गावात सगळी पोरं विहिरीत पोहायला शिकली ती पाठीला वाळका भोपळा बांधून. कमरेला दोर, दोराचं टोक काठावर बापाच्या हातात. माझ्यासाठीही अण्णांनी एक भोपळा वाळवून माळ्यावर ठेवला होता. पण मी शिकायच्या वयाची झाले तेव्हापासून उन्हाळ्यात विहिरीचा तळच दिसायचा. पावसाळ्यात गढूळ पाणी यायचं, दिवाळीनंतर ते मोसंबीला जायचं. पुढं आम्ही शहरात आलो आणि भोपळा तिकडंच राहिला.

तरंगायची परीक्षा कुठं द्यायची, हाही प्रश्नच होता. पोहण्याचे तलाव पाणीटंचाईत बंद होते. शेवटी अण्णा आणि मी करमाडला मामाच्या शेततळ्यावर गेलो. त्यात टँकरचं पाणी ओतून मामा मोसंबीची बाग जगवत होते. तळ्याला काळं प्लास्टिक अंथरलेलं, कडेवर पाय ठरत नाही, पडलेला माणूस स्वतःहून वर येत नाही. म्हणून मामानं खुंटीला जाड दोर बांधून ठेवला होता.

"आधी मी," अण्णा म्हणाले. त्यांनी पट्टे सैल करून जाकीट उलटं घातलं, जाड बाजू पाठीला. मी ओरडले, पण ऐकतो कोण! दोर धरून उतरले, म्हणाले, "आता अंग ढिलं सोडतो, बघ," आणि सोडलं. क्षणात तोंड पाण्यात. मी काठावर किंचाळले. पट्टीचे पोहणारे म्हणून वर आले, खोकत, लाल डोळ्यांनी.

"भोपळा हात मारणाऱ्यासाठी असतो," ते नाकातलं पाणी शिंकरत म्हणाले. "दमलेल्यासाठी नाय."

मग त्यांनी पाण्यातच जाकीट सुलटं केलं, पट्टे आवळले आणि पुन्हा अंग सोडलं. या वेळी ते उताणे झाले, तोंड आभाळाकडं. तसेच पडून राहिले. मला वाटलं, आता हे बाहेर येतच नाहीत.

मग माझी पाळी आली. अण्णांनी माझ्या कमरेला दुसरा दोर बांधला, टोक आपल्या हाताला गुंडाळलं आणि काठावर टाचा रोवून बसले. मी पाण्यात गेले. हात-पाय मारले, घोटभर पाणी प्याले, काठावरच्या मामाला म्हटलं, "तुमची मोसंबी आज मीच प्याले." मग अण्णांसारखंच अंग ढिलं सोडलं. कानात पाणी, डोळ्यांवर ऊन, आणि मी वर. मी वरच होते! हसू की रडू कळेना.

"तरंगले का नाही? आता जाऊ का?" मी ओरडले.

"जा," अण्णा म्हणाले.

मी कमरेची गाठ सोडली आणि दोर बाजूला केला. त्याचं रिकामं टोक पाण्यावर डुलत होतं. काठावर अण्णा तसेच बसून होते, दोर दोन्ही हातांनी घट्ट धरून.

"अण्णा, दोर सोडा आता," मी म्हटलं.

"व्हय, सोडतो," ते म्हणाले, आणि मी खुंटीचा दोर धरून बाहेर येईपर्यंत त्यांनी तो काही सोडला नाही.