आशाबाईंनी निवडलेली वायर

सुधाकरराव मास्तर बेल्याच्या शाळेत माझ्याबरोबर शिकवायचे. त्यांच्याइतका गोड आणि त्यांच्याइतका डोकं खाणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. चहाला बोलवायचे आणि बशीशेजारी वायरीचे तुकडे मांडायचे. परीक्षा देऊन त्यांनी हॅम रेडिओचा, म्हणजे घरातल्या बिनतारी सेटवरून दूरच्या लोकांशी बोलण्याचा, परवाना मिळवला होता. अंगणात उंच बांबू, समोर कडुलिंब, दोघांच्या मधे ताणलेली तांब्याची तार, आणि तिच्या मध्यातून खिडकीतल्या सेटपर्यंत तिरकी उतरणारी केबल. मास्तरांनी टीव्ही घेतला पण चित्र काही दिसेना, अशी गावाची समजूत होती.

सत्त्याऐंशी साल असेल. मास्तरांचा मेव्हणा मोतीराम अंदमानात नोकरीला होता आणि त्याच्याकडेही असाच सेट होता. दोन वर्षांत तो घरी आला नव्हता. "तुले मोतीरामचा आवाज ऐकवतो," असा शब्द मास्तरांनी बायकोला, आशाबाईंना, देऊन ठेवलेला. दर रविवारी सकाळी त्या हातातलं काम टाकून सेटजवळ बसायच्या आणि नुसती खरखर ऐकून उठायच्या. बोलायच्या काही नाहीत. मास्तरांना तेच फार लागायचं.

दोष केबलचा होता. टीव्हीची पातळ पांढरी केबल त्यांनी लावली होती. उन्हाळ्यात तिची कातडी तडकली, पावसाळ्यात पाणी शिरलं आणि आतली तांब्याची जाळी हिरवी पडली. मग मास्तर नागपूरहून दोन नमुने घेऊन आले, एक तसाच पांढरा, एक जाड काळा. मी म्हटलं, काळी घ्या आणि विषय संपवा. पण नाही!

"जिच्यासाठी आनाची तिले इचाराले नोको?" मास्तर म्हणाले आणि आशाबाईंना हाक मारली.

आशाबाईंनी दोन्ही तुकडे नखानं दाबून पाहिले, दोन्ही हातांनी ओढून पाहिले.

"हे काळी घ्या. उन्हानं फुटनार नाई, वल्ली झाली तरी सडनार नाई. अन् वजन बी झेलते."

मास्तरांचा चेहरा असा फुलला की विचारू नका. "पाह्यलं? मी इतके दिवस बोंबलून राह्यलो तेच!" वजनाचा इथे काय संबंध, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही, मी बिस्कीट बुडवण्यात दंग होतो.

काळी केबल आली, वर चढली. रविवारी आम्ही सगळे सेटभोवती बसलो. खरखर, आणि पूर्वीपेक्षाही मेलेली. आशाबाई उठून चुलीकडे गेल्या. मास्तर सेट उघडून त्यात डोकं घालून बसले. मी वैतागून अंगणात आलो आणि जागीच थांबलो. नव्या केबलवर दोन ओल्या गोधड्या, एक सतरंजी आणि मास्तरांची शाळेची पँट वाळत होती. ओझ्यानं तांब्याच्या तारेजवळचा वरचा जोड उपटून निघाला होता.

मी हाक मारली तसे दोघंही बाहेर आले.

"अवं, हे काय?" मास्तर ओरडले.

"काय म्हंजे? कपड्याची दोरी आनाची म्हनूनच तं मले इचारलं ना तुमी? त्या जुन्या पांढऱ्या दोरीचे कपड्याले हिरवे डाग पडे."

मास्तर गोधड्या उतरवायला लागले. रागवायचं तरी कशावर? निवड तर अगदी बरोबर होती. मी मात्र पोट धरून हसलो, आणि मास्तर माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

मग त्यांनी भार पेलायला केबलच्या जोडीनं वेगळी नायलॉनची दोरी ताणली, नवा जोड सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं घट्ट गुंडाळला, आणि खिडकीबाहेर केबलला खाली एक झोळ दिला, म्हणजे पावसाचं पाणी तिथूनच गळून जावं. धुण्यासाठी परसात दुसरी दोरी बांधली.

पुढच्या रविवारी खरखरीतून एक बारीक आवाज वर आला. "भाऊजी, ताई बसली हाय का जवळ?"

परवाना मास्तरांचा, म्हणून आशाबाईंनी बोलायचं नव्हतं. त्या तोंडाला पदर लावून जोरजोरात मान हलवत राहिल्या.

"बसली हाय," मास्तर म्हणाले, "मान हालवून राह्यली."

दुपारी शेजारच्या चंपाबाई ओलं लुगडं घेऊन सवयीनं त्या केबलकडे वळल्या. आशाबाई पिठाच्या हातांनी धावत बाहेर आल्या.

"चंपाबाई, तिच्यावर नोको! तिच्यातून माहा भाऊ येते!"