डबा घेऊन येणारा पाहुणा

भिलाईचा कारखाना उभा राहत होता, तेव्हा आमच्या शेजारी एक एकटा फिटर राहायचा. सकाळी गुडघे सुजलेले असले तरी सुपेल्याच्या बाजारापर्यंत चालून येई. "सांधे म्हंजे बेअरिंग. फिरवले नाही तं जाम होते," म्हणे. शेंगदाण्यानं मात्र त्याचे ओठ भज्यासारखे फुगत, श्वास अडके.

आमच्या मुलीच्या बारशाला प्रत्येक पदार्थात दाण्याचं कूट होतं. तो आपला डबा घेऊन आला. माझ्या बायकोचा चेहरा पडला. त्यानं डबा तिच्याच हाती दिला. "वैनी, तुमी वाढा. मंग हे तुमच्या घरचंच जेवन."

जेवताना त्यानं स्वतः थापलेल्या भाकरीची तोंडभरून तारीफ केली आणि आणखी एक मागितली. डबा रिकामा होता. बायकोनं हात धुतले, तवा घासला, ताजी भाकर थापून वाढली. त्यानं ती हुंगली, तुकडा मोडला.

"वैनी, खरं सांगू? माह्या भाकरी वातड होत्या."