बाशीमला राहिलेला आर्चिबाल्ड आणि माझे व्याही

माझे व्याही स्कॉटलंडचे लॉर्ड आहेत. हे सांगितलं की नागपुरातल्या माझ्या मैत्रिणी लगेच किल्ल्याबद्दल विचारतात. किल्ला कधीच विकला गेलाय, तिथे हॉटेल झालंय आणि लॉर्ड ह्यू त्याच हॉटेलच्या फाटकाशेजारी दोन खोल्यांत राहतात, हे मी सांगत नाही. शेवटी लेकीच्या सासरची गोष्ट आहे.

डिसेंबरात ते आमच्याकडे आले आणि तिसऱ्या दिवशी नाश्त्याला त्यांनी जाहीर केलं की आपल्याला वाशीम बघायचंय. मी ताडोबा सुचवलं, हेमलकसा सुचवलं. नाही, वाशीमच. ते घराण्याचा इतिहास लिहितायत. सतरा पिढ्या झाल्यात, फक्त एका माणसाशी गाडी अडलीय. त्यांच्या पणजोबांचा धाकटा भाऊ, आर्चिबाल्ड. त्याची नोंद एका ओळीच्या वर जात नाही: 'बाशीम येथे निधन. अविवाहित. निःसंतान.' बाशीम म्हणजे वाशीमचं इंग्रजांच्या वेळचं नाव. त्याच्या कबरीचा फोटो मिळाला की पुस्तक पूर्ण होणार होतं.

आमच्या यजमानांनी लगेच गुडघ्याचं दुखणं काढलं. व्याह्यांना नाही म्हणायची आपल्यात सोय नसते. मी गाडी काढली.

जाणाऱ्यांसाठी सांगते. समृद्धीनं निघून शेलूबाजारला खाली उतरायचं, तिथून वाशीम पाऊण तास. एकूण चार तास धरा आणि डबा सोबत ठेवा, महामार्गावर वेळेवर काही मिळेलच असं नाही. शेजारी लॉर्ड असेल तर मात्र चार तासांचे सहा वाटतात. वर्ध्यापर्यंत त्यांनी मला गियर कधी बदलावा ते शिकवलं. मी सव्वीस वर्षं गाडी चालवतेय. वर्ध्यानंतर स्वतःचं आयुष्य सांगितलं: चाळीस खोल्यांच्या गारठलेल्या घरात जन्म, सातव्या वर्षी वसतिगृह, विशीत वडील गेले, मग गळकं छप्पर, मेंढ्या, कर्ज आणि शेवटी ते हॉटेल. बायको गेल्यापासून हे पुस्तक. सगळं इतक्या कोरड्या आवाजात सांगितलं की वाईट वाटायलाही जागा ठेवली नाही.

पहिला दिवस पूर्ण वाया गेला. लिहिलंय बाशीम, म्हणजे कबर जिल्ह्याच्या ठिकाणीच असणार, हा त्यांचा हेका. मी आधी आसपासच्या गावांत विचारू म्हटलं, तर माझ्यासमोर कागद धरला. मग आम्ही दोन दफनभूमी पालथ्या घातल्या, एका कार्यालयात अर्ज लिहिला, एका निवृत्त वकिलांना दुपारच्या झोपेतून उठवलं. कुणी हिंगोलीला जा म्हणालं, कुणी अकोल्याला. दर ठिकाणी सतरा पिढ्यांचा सारांश इंग्रजीतून सुरू व्हायचा आणि मी त्याचं मराठी करायचं: यांचे नातेवाईक इथे वारलेत, कबर शोधतोय.

संध्याकाळी लॉजवर चहा घेताना त्यांनी सहज एका पत्राची झेरॉक्स काढली. आर्चिबाल्डनं आईला लिहिलेलं शेवटचं पत्र. त्यात एक ओळ होती: मी राहतो तिथून घोड्यावर अर्ध्या तासावर एक देऊळ आहे, तिथला देव जमिनीला टेकत नाही. समासात व्याह्यांनी पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'नशेत असावा.'

मी कप खाली ठेवला. शिरपूरच्या जैन मंदिरातली मूर्ती जमिनीला टेकत नाही, अशी श्रद्धा आहे, आणि हे विदर्भातल्या शाळकरी पोरीलाही ठाऊक असतं. हे पत्र सकाळी का नाही दाखवलंत, असं मी विचारलं. तर म्हणे, असल्या बडबडीला पुरावा म्हणता येत नाही. मी खोलीत जाऊन लेकीला फोन केला आणि तिच्या सासऱ्याबद्दल जे बोलले ते इथे लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी तर्री-पोहे खाऊन (त्यांनी सोबत आणलेली ओटची बिस्किटं खाल्ली) शिरपूर गाठलं. रस्ता ठीक आहे. बसही जातात. मंदिर आवर्जून बघा, पण सकाळी लवकर, यात्रेकरूंची गर्दी होण्याआधी. बसस्टँडसमोरच्या चहावाल्याला मी भीतभीतच विचारलं, इथे कुठे इंग्रजाची कबर आहे का. त्यानं दूध ढवळता ढवळता सांगितलं, "सायबाची ना? सुखदेवभाऊच्या वावरात हाये." अर्ध्या मिनिटाचं काम होतं. मी व्याह्यांकडे पाहिलं. ते चष्मा पुसत होते.

शेवटचा दीड किलोमीटर पांदण होती, म्हणजे शेतात जायची बैलगाडीची वाट. गाडी ठेवून चालत निघालो. दोन्ही बाजूंना तूर कमरेच्या वर, आणि व्याह्यांच्या पायात पॉलिश केलेले बूट.

सुखदेव साठीचे, अंगानं काटक, घरची चार एकर शेती. आम्हाला बघून त्यांना नवल वाटलेलं दिसलं नाही. बांधावरच्या कडुनिंबाखाली घेऊन गेले. तिथे चुन्यानं पांढरे केलेले तीन चौथरे होते, दोन मोठे आणि मध्ये एक लहान.

"हा सायब," त्यांनी दाखवलं. "हे आमची बायजाआजी. अन् हे त्याईची पोरगी."

मग त्यांनी सांगितलं ते असं. साहेब जमिनीच्या मोजणीसाठी आला होता. नोकरी सुटली तरी परत गेला नाही, इथेच झोपडी बांधून राहिला. बायजा सुखदेवच्या पणजोबांची बहीण. तेव्हा यांच्या हातचं पाणीसुद्धा गावात कुणी घेत नसे, आणि साहेब यांच्याच घरी जेवायला बसायचा, म्हणून गावानं त्यालाही टाकलं. पोरगी चार वर्षांची असताना तापानं गेली, पाठोपाठ साहेब. बायजा खूप जगली आणि दर वर्षी चुना लावत राहिली. पुढे घरानं बौद्ध धम्म घेतला, तेव्हा सुखदेवच्या आजोबांनी जुनं बरंच काही सोडलं, हा चुना तेवढा ठेवला.

मी शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितला. व्याह्यांनी एका चौथऱ्याचा फोटो काढला. फक्त एका. मग विचारलं, लग्नाचा काही कागद आहे का?

सुखदेवनी शांतपणे ऐकून घेतलं. "कागद कायले पायजे? चुना आमी लावतो."

व्याही म्हणाले, मग अविवाहित हीच नोंद राहील. पुस्तकाचे नियम सगळ्यांना सारखेच आहेत.

मला दोन दिवसांचा वैताग एकदम चढला. मी त्यांच्या पिशवीतून पुस्तकाचं बाड काढलं आणि लेकीचं पान शोधलं. घराण्यातल्या बाकी सुनांपुढे वडिलांचं नाव, आईचं माहेर, गाव, सगळं होतं. माझ्या लेकीपुढे एवढंच: 'मृणाल, भारत.'

"हिच्या लग्नाचा कागद होता," मी म्हणाले. "साक्षीदार म्हणून माझी सही आहे त्यावर. तरी हिला आईबाप नाहीत. मग नियम कागदाचा आहे की आणखी कशाचा?"

त्यांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. सुखदेवनी मला विचारलं काय झालं. घरचंच आहे, असं मी सांगितलं. त्यांनी जास्त चौकशी केली नाही, घरी नेऊन जेवायला बसवलं. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा. व्याही जेवले. ठेचाही खाल्ला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि वर परत मागून घेतला. मला त्या माणसाचं काही कळत नाही.

हात धुताना त्यांनी हळूच विचारलं, त्या मुलीचं नाव काय होतं?

सुखदेवना माहीत नव्हतं. मानोऱ्याला दिलेल्या त्यांच्या थोरल्या बहिणीला, शेवंताबाईंना, माहीत असणार होतं. म्हणजे आणखी एक दिवस. शिरपूरहून परत वाशीम, मुक्काम, सकाळी मंगरूळपीरमार्गे मानोरा. वाटेत ऊसतोडीला निघालेल्या तांड्यांच्या ट्रॅक्टरांमागे पाऊण तास रखडलो. व्याह्यांनी गियरचा विषय काढला नाही, तेवढं बरं.

शेवंताबाई ऐंशीच्या पुढच्या. अंगणात खाटेवर बसल्या होत्या. त्यांनी आधी व्याह्यांना खालपासून वरपर्यंत बघितलं आणि मला विचारलं, "हा सायबाचा कोन लागते?"

भावाचा पणतू, मी हिशेब करून सांगितलं.

"मंग इतके सालं कुठी होता?"

हे मी जसंच्या तसं इंग्रजीत केलं, अजिबात सौम्य न करता. व्याही म्हणाले, मला माहीत नव्हतं.

"इचारलं असतं तं सांगतलं असतं," शेवंताबाई म्हणाल्या. मग पोरीचं नाव सांगितलं. त्यांच्या आजीनं त्यांना सांगितलेलं. "मारी. बायजाआजीले काही ते नाव पसंत नोतं. मारी म्हंजे काय, मारायचं? पन सायबानं आयकलं नाही."

मला काही सांगायची गरज पडली नाही. व्याह्यांना नाव कळलं होतं. ते खाली बसले, सरळ अंगणातल्या मातीत, त्या पँटसह. मारी हे त्यांच्याकडचं जुनं नाव. आर्चिबाल्डच्या आईचं. ते पत्र ज्या आईला लिहिलं होतं तिचं. त्यानं आपल्या लेकीला आईचंच नाव दिलं होतं आणि पत्रात सांगायचं धाडस त्याला झालं नव्हतं.

मग त्यांनी बाड उघडलं, 'अविवाहित, निःसंतान' यावर रेघ मारली आणि पेन माझ्याकडे दिलं. बायजाचं नाव तिच्या लिपीत लिहून हवं होतं. मी लिहिलं. शेवंताबाईंनी ते वाचून बघितलं आणि 'ज'चा काना नीट काढायला लावला.

येताना त्यांचा चष्मा मानोऱ्यात राहिला. निम्म्या रस्त्यातून परत फिरलो.

फेब्रुवारीत लेकीनं छापायला जाणाऱ्या पानांचे फोटो पाठवले. बायजा आहे, मारी आहे. मृणालपुढे आम्हा दोघांची नावं आहेत. माझं 'सुनंदा'चं 'सनांडा' झालंय. मी दोनदा दुरुस्ती कळवली. आता फार उशीर झाला, असं अतिशय सभ्य उत्तर आलं.

त्याच आठवड्यात माहेरी गेले होते, अमरावतीला. दिवाणखान्यात आमची वंशावळ लावलेली आहे, मोठं झाड काढून, फांदीफांदीवर नावं. लहानपणापासून बघत आलेय. या वेळी खुर्ची ओढून चष्मा लावून सगळी वाचली. नऊ पिढ्या, सगळे पुरुष. एकही बाई नाही. मी तर नाहीच, माझी आईसुद्धा नाही.

आत्या स्वयंपाकघरात होती. घरातली आता तीच सगळ्यांत मोठी. तुझ्या आजीचं नाव काय होतं, मी विचारलं. ती पोळी लाटायची थांबली. आठवून बघितलं.

"सगळे काकीच म्हणायचे त्यांना," ती म्हणाली.