पोतनीस मॅडमचा कंटाळा

पोतनीस मॅडमसमोर तुम्ही बोलायला लागलात की साधारण तिसऱ्या वाक्याला त्यांचा हात वर जायचा. "बस. कंटाळा आला." तुमचं वाक्य अर्धवट राहायचं आणि त्या शांतपणे चष्मा पुसायला घ्यायच्या. नोकरीसाठी मी सांगलीहून इंदूरला आलो आणि सुदामा नगरात त्यांच्या वरच्या मजल्यावर भाडेकरू म्हणून गेलो, तेव्हा ओळख करून देताना जेमतेम सांवेर रोडवरच्या आमच्या कंपनीपर्यंत पोचलो होतो. लगेच हात वर. "भिया, आपलं पूर्ण चरित्र मी विचारलं का? पाण्याची मोटर सहाला सुरू होते, इतकं लक्षात ठेवा, काफी आहे." जिना चढताना मी मनातल्या मनात बाईंचा यथेच्छ उद्धार केला.

मॅडम मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. यजमान वारलेले. एकुलती मुलगी रश्मी तुर्कस्तानात, इझमीरला, तिथल्याच माणसाशी लग्न करून स्थायिक. खाली मॅडम एकट्या, आणि सोबतीला अख्ख्या जगाबद्दलची तुच्छता. बहुतेक सगळ्याच गोष्टी त्यांना कंटाळवाण्या वाटत, पण सगळ्यांना एकच शब्द लावणं त्यांना मंजूर नव्हतं. "'बोरिंग' हा आळशी मुलींचा शब्द. निबंधात दिसला की मी अर्धा मार्क कापायची." शेजारच्या शर्माजींकडचं वरण 'डल'. भाचीच्या लग्नाचा तीन तासांचा व्हिडिओ 'टीडियस'. आणि जो माणूस येऊन बसतो आणि उठायचं नावच घेत नाही, तो 'टायरसम'. हे शेवटचं सांगताना त्या माझ्याकडे बघत. एकदा मी हौसेने म्हटलं, चला, तुम्हाला सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत नेतो. "काय बघायला? लोकांची तोंडं हलताना?" झालं, विषय संपला.

मला त्यांचा राग यायचा, खोटं कशाला बोलू! तरी रोज संध्याकाळी सातला मी खाली जायचो, कारण व्हिडिओ कॉल लावणं बाईंना काही केल्या जमत नव्हतं. पलीकडे नात, सात वर्षांची एला. तिचं नाव ठरलं तेव्हा मॅडम म्हणाल्या होत्या, "एला? म्हणजे वेलची. बरं, ठेवा." पण ती पडद्यावर आली की ह्याच खवट बाई विरघळायच्या. जेवलीस का, शाळेत काय शिकवलं, एखादी प्रार्थना म्हणून दाखव, असं इंग्रजीतून एकामागून एक सुरू. पोर दोन मिनिटं कशीबशी काढायची, मग "सिकिल्दिम!" असं ओरडून पसार. मागे नुसती भिंत दिसत राहायची.

एक दिवस मॅडमनी रश्मीला विचारलं, "ती रोज काय ओरडते गं?"

रश्मी घुटमळली. "कंटाळा आला म्हणते, आई. हल्ली तुझा फोन म्हटलं की कपाटात लपते."

मी चार्जरची वायर गुंडाळत बसलो. जन्मभर दुसऱ्यांच्या तोंडावर फेकलेला शब्द बाईंच्याच अंगावर आला होता, आणि मला क्षणभर चक्क बरं वाटलं. मग त्यांचा चेहरा पाहिला आणि माझीच मला लाज वाटली. "बरोबर आहे तिचं," त्या म्हणाल्या. "मीच टायरसम आहे. पण ही अशीच पळत राहिली ना, तर चार वर्षांनी मला ओळखणारसुद्धा नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी वही घातली. रश्मीला विचारून, मोबाइलवर शोधून बाईंनी तुर्की कंटाळा गोळा करायला घेतला. 'सिकिजी' म्हणजे कंटाळवाणं. 'बिक्तिम' म्हणजे वीट आला. 'उसान्दिम' म्हणजे तेच ते होऊन जीव शिणला. "आणि हे ऐका. कंटाळ्याला म्हणतात 'जान सिकिंतिसि'. जान म्हणजे आपली हिंदीतली जान! तिलाच पिळून काढतात. क्या बात है! आणि ही पोर बसली आहे एकाच शब्दावर. आळशी कुठली!"

त्या संध्याकाळी त्यांनी एलाला काहीच विचारलं नाही. माझी बाही ओढून मला कॅमेऱ्यापुढे उभं केलं. "हे आमचे भाडेकरू. सिकिजी. ह्यांच्या ऑफिसातली मीटिंग ऐक." मग मला फर्मान, "हं, बोला." मी क्वालिटीच्या मीटिंगबद्दल बोलू लागलो. थोड्याच वेळात मॅडम गरजल्या, "बिक्तिम!" एला खुर्चीवर उभी राहून खिदळली. "नाही आज्जी, उसान्दिम!"

"उसान्दिम दुसऱ्यांदा ऐकल्यावर," मॅडम म्हणाल्या. "अहो, पुन्हा बोला."

मी पुन्हा बोललो. चाळिशीचा इंजिनियर मी, दोन देशांच्या मधोमध कंटाळ्याचा नमुना म्हणून उभा! फोन पाऊण तास चालला.

मग रोज हेच. एलाच्या बापाच्या मासेमारीच्या गप्पा, तिच्या शाळेतली भाषणं, इंदूरकरांचं प्रत्येक पदार्थावर शेव पेरणं, माझे चौकडीचे शर्ट, कशाचीही गय नाही. तुर्की शब्द लावायचा की इंग्रजी, ह्यावरून दोघी तावातावाने भांडायच्या. "रक्त आहे माझं," मॅडम ऐटीत सांगायच्या. "जावयाचं काही उतरलेलं नाही."

दीडेक वर्षाने मॅडमना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. एलाला बापाजवळ ठेवून रश्मी धावत आली. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं तेव्हाच आम्ही काय ते समजलो. पहिल्या संध्याकाळी सात वाजता रश्मी म्हणाली, "राहू दे आज. आईला बोलता येत नाही, पोर काय करणार बसून?" पण मॅडमचे डोळे फोनवरून हलेनात. मी कॉल लावला.

एलाने शाळेतल्या कुणाची तरी निंदा केली आणि उत्तराची वाट पाहिली. मग स्वतःच दोन-तीन शब्द टाकून पाहिले. मॅडमच्या ओठांचा कोपरा हलला, शब्द आला नाही. मग तीही गप्प झाली. पाच मिनिटं गेली, दहा गेली, वीस गेली. फोन धरून माझा हात भरून आला.

"एला, कंटाळा आला का गं?" मी शेवटी इंग्रजीतून विचारलं.

"हो," ती म्हणाली. "खूप."

"मग ठेवू फोन?"

"नको."

तिने टेबलावर हनुवटी टेकवली आणि आज्जीकडे बघत राहिली.

मॅडम त्यानंतर अकरा दिवस होत्या. अकराही दिवस ती पोर संध्याकाळी तासभर, एक शब्दही न बोलता, त्यांच्यासमोर कंटाळत बसली.