कुलूपबंद बिऱ्हाड

आमच्या घरात बोरू हाती धरणारा मी पहिला. वडिलांचं बांगड्यांचं दुकान, आजोबांचंही तेच. मला मात्र एका जुन्या कारकुनांकडे मोडी आणि हिशेब शिकायला घातलं होतं, पुढे कुठल्यातरी दफ्तरात चिकटावं म्हणून. गुरुजी फुकट शिकवत नसत, आणि मी दुकानात बसत नसल्यामुळे तिथे गडी ठेवावा लागला होता. हा दुहेरी खर्च भागवायचा कसा, या विचारातून वडिलांच्या डोक्यात घराचं आलं.

गावाच्या पूर्वेला तेव्हा एक पेठ नव्याने वसत होती. तिथे घर बांधणाऱ्याला सुरुवातीची काही वर्षं पट्टी माफ होती. पावसाळ्यात फौजा परतल्या की पुण्यात बिऱ्हाडाला जागा मिळत नसे; माणसं ओसरीचंसुद्धा भाडं देत. वडिलांनी आईच्या पाटल्या मोडल्या आणि छोटंसं कौलारू घर उभं केलं.

"याचं भाडं म्हणजे तुझं शिक्षण," ते मला म्हणाले. मी मान डोलावली. मला तेव्हा ते इतकं सरळ वाटलं होतं.

आधी एक पंतोजी जागा बघून गेले. भाडं कमी देईन, पण बारा महिने राहीन, म्हणाले. मग एक शिलेदार आला. घोडा त्याचा स्वतःचा, उमदा, आणि पागोटं त्याहून उमदं. वडिलांनी घर शिलेदाराला दिलं. नव्या पेठेत आपल्या दाराशी घोडा बांधलेला दिसेल, याचंच त्यांना अप्रूप. पंतोजींचं उपरणं विरलेलं होतं. मला पंतोजी बरे वाटले होते, पण मी बोललो नाही. शिकत होतो म्हणून घरात शहाणपणा करायची मला लाजच वाटे.

दसऱ्याला फौज निघाली. शिलेदाराने तोवरचं भाडं चोख दिलं, आईच्या पाया पडला, दाराला भलंमोठं कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोवली.

"सामान हाय आत. आल्यावर बघू," म्हणाला आणि गेला. वडील हात जोडून उभे.

कार्तिकात एका सराफाचा गुमास्ता जागा विचारत आला. चांगलं भाडं देत होता. मग वडील आणि मी कुलूप तोडायची परवानगी मागायला कोतवालाच्या चावडीवर गेलो. तिथल्या कारकुनाने वर न बघता विचारलं, "घर कोणाचं?"

"आमचंच," मी म्हणालो.

"कुलूप कोणाचं?"

"बिऱ्हाडकरूचं. ते स्वारीवर गेलेत."

"मग येईपर्यंत थांबा. स्वारीवर गेलेल्याचं कुलूप तोडल्याचं ऐकलंय का कधी पुण्यात? उद्या तो म्हणाला, आत मोत्यांचा कंठा होता. भरून देणार आपण?"

"पण भाडं..."

"ते त्याच्याकडेच मागा ना. छावणी नर्मदेपलीकडे आहे. रस्ता सरळ आहे."

गुमास्त्याने शेजारच्या आळीत जागा घेतली. आमचं घर तसंच. वानरांनी कौलं फोडली की ती आम्ही बसवायची, ओटा आम्ही सारवायचा, आणि आत पाऊल टाकायचं नाही. मी शिकवणीहून येताना मुद्दाम त्या रस्त्याने जाई आणि कुलूप बघून चिडचिड करत घरी येई. गुरुजींचे पैसे थकले होते. गड्याला वडिलांनी वैशाखात कसंबसं थांबवून धरलं.

"जेठात फौज येईल," ते म्हणत. "एकदम सगळं भाडं हातात पडेल बघ."

जेठात फौज आली. शिलेदार आला नाही. त्याच्या पथकाची छावणी तिकडेच पडली होती. बैलगाडीतून आली त्याची बायको, किल्ली घेऊन. आम्ही गेलो तर तिने चूलही पेटवली होती.

"घर लई झ्याक ठिवलंय तुम्ही," ती म्हणाली. "ह्यांनी किल्ली धाडली, म्हनले ऱ्हा तितंच."

वडील खाकरले. "ते भाड्याचं जरा..." आणि थांबले. तिच्या एका हातात एकच बांगडी होती, दुसरा हात मोकळा. गाडीच्या हिसक्यांनी फुटल्या, ती ओशाळून म्हणाली.

"अहो बाई, धनी स्वारीवर आणि असे हात?" वडिलांनी मला दुकानात पिटाळलं. मी बांगड्यांची पेटी आणली. त्यांनी तिचे दोन्ही हात हिरव्या बांगड्यांनी भरले. तिने वाकून नमस्कार केला.

"ह्ये आले की देत्यात सगळं," ती म्हणाली. सगळं म्हणजे आता बांगड्यांचे पैसेही.

बाहेर आल्यावर माझा आवाज चढला. "आबा, भाडं?"

"मागणारच होतो."

"मग?"

"हात हातात घेतल्यावर कसं मागायचं रे?"

मला त्यांचा संताप आला होता, आणि खरं सांगायचं तर तो अजून पुरता गेलेला नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मागितलं असतं, असं मी स्वतःला कितीदा तरी सांगितलं आहे.

त्याच आठवड्यात गड्याला निरोप दिला. मी गुरुजींना सांगायला गेलो. ते बोरू तासत होते.

"घरमालक झालात म्हणे," ते म्हणाले. "मग आता कारकुनी कशाला लागते?"

"भाडं आलं की परत येतो," मी म्हणालो.

"या. सावकाश या."

मी नमस्कार करून उठलो. दुकान उघडायची वेळ झाली होती.