सहावी काडी

तीर सुटता सुटता कामठ्यावरच फुटला आणि त्याचे काळे तुकडे वन्संच्या डाव्या हातात घुसले. एक लांब तुकडा अंगठ्याच्या मुळाशी आत गेला होता आणि मनगटाकडे त्याचं टोक बाहेर आलं होतं. वन्सं ओरडल्या नाहीत. त्यांनी कामठा अलगद खाली ठेवला आणि हाताकडे बघत उभ्या राहिल्या. मी धावत जाऊन तो तुकडा उपटायला हात घातला, तर म्हणाल्या, "ओढू नको वहिनी, आत मोडेल." मामंजी ओट्यावर बसले होते. ते उठले आणि उठले तिथेच उभे राहिले.

मी ओल्या पंच्यात त्यांचा हात गुंडाळला आणि रिक्षाने कल्याणला दवाखान्यात नेलं. डॉक्टरने विचारलं काय लागलं. तीर फुटला म्हटल्यावर त्याला वाटलं मी थट्टा करतेय. मग चिमटा घेऊन बसला तो संध्याकाळ झाली तरी उठला नाही. लाकडाची कुसळं दिसतात, ही केसासारखी बारीक, त्यात काळी. काही राहिलीच. पुढे कित्येक वर्षं वन्संच्या तळव्यात कातडीखाली त्या काळ्या रेषा दिसायच्या.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. डोंबिवलीच्या एका कंपनीत पॅकिंगला जायच्या. आमचं घर शहाडला नदीच्या बाजूला, बैठी चाळ, मागे मोकळी जागा. मामंजी मूळचे मुरबाडकडच्या डोंगरातले. वॉचमनची नोकरी करायला खाली आले आणि येताना तीरकामठा करायची विद्या घेऊन आले. कामठा बांबूचा, दोरी अंबाडीची, तीर बोरूचे. माझ्या नवऱ्याला त्याची आवड नव्हती, त्याला पाळीवरून आल्यावर झोप प्यारी. मामंजींनी मुलीला शिकवलं. चाळीतल्या बायका मला विचारायच्या, तुझी नणंद कोणाची शिकार करते गं. मी सांगायचे, चौकशी करणाऱ्यांची.

मी चौथी शिकलेली, स्टेशनबाहेर भाजी विकणारी. मला तिरातलं काय कळणार. पण रविवारी दुपारी मी मागे जाऊन उभी राहायचे आणि हळूहळू कळायला लागलं. मामंजी बोरू शेगडीच्या निखाऱ्यावर फिरवायचे आणि गरम असताना बोटांनी सरळ करायचे. कच्चा पिवळा बोरू उबेने तांबूस व्हायचा, तो रंग आला की थांबायचं. आमच्याकडे दसऱ्याला कामठ्याची पूजा करायची आणि त्याच्या आदल्या दिवशी सगळे तीर शेगडीवर धरायचे, वाकडे असोत की सरळ. तिरात साचलेली ओल जाते, असं ते म्हणायचे. नदीकाठची हवा. आज सरळ केलेला बोरू पंधरा दिवसांत पुन्हा वाकायचा.

तेच वन्संना आडवं येत होतं. ठाण्याला एक सर नेमबाजी शिकवायचे. वन्सं त्यांच्याकडे बांबूचा कामठा घेऊन गेल्या तेव्हा तिथली मुलं हसली म्हणे. सर हसले नाहीत. ते म्हणाले, बांबूच्या धनुष्यांची वेगळी स्पर्धा असते, बाहेरगावी, मी मुलं घेऊन जातो, तुला नेईन. पण सगळे बाण सारखे हवेत, एक इथे एक तिथे चालणार नाही. आणि त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांच्या वापरून टाकलेल्या कार्बनच्या काड्यांचा जुडगा दिला. पिसं नाहीत, टोकं नाहीत, नुसत्या काळ्या पोकळ काड्या. या हवेने वाकत नाहीत, म्हणाले. फक्त मारायच्या आधी प्रत्येक वेळी वाकवून, कानाशी धरून बघायची. कुरकुरली तर फेकून द्यायची.

वन्सं पस्तीस वर्षांच्या होत्या. शहाड, डोंबिवली आणि ठाणे सोडून काही पाहिलं नव्हतं. त्या स्पर्धेला जायचं म्हणून त्यांनी नवी चप्पल घेऊन ठेवली होती. खोक्यातून काढायच्या, बघायच्या, परत ठेवायच्या.

काड्या निवडायचं काम आम्ही दोघींनी केलं. दोन स्टुलं ठेवायची, त्यांवर काडी आडवी, आणि मध्ये माझ्या तराजूतलं किलोचं वजन सुतळीने लटकवायचं. काडी किती खाली झुकते ते भिंतीवर पेन्सिलीने मांडायचं. एक जास्त झुके, एक हलेच ना. बांबूच्या कामठ्याला तिरासाठी मधोमध खाच नसते, तीर त्याला वळसा घालून जातो. काडी नरम हवी, म्हणजे जाताना लवते. ताठ काडी कामठ्याला धडकून डावीकडे जाते. सारख्या झुकणाऱ्या आम्ही बाजूला काढल्या.

मग बिनपिसाची काडी मारून बघायची. पेंढा भरलेल्या गोणीवर आधी पिसं लावलेले दोन तीर मारायचे, मग नुसती काडी. पिसं चूक झाकतात, नुसती काडी खरं सांगते. मी बाजूला उभी राहून ओरडायचे, "डावीकडे, वन्सं. शेपूट हलतंय." डावीकडे म्हणजे ताठ. लांब काडी जास्त लवते, पण या आधीच कापलेल्या, त्या लांब तर करता येत नाहीत. म्हणून मामंजी टोकाला पितळ वाढवायचे. पुढे वजन आलं की काडी लवायला लागते. पुन्हा मारायची, पुन्हा बघायची. शेवटी काडी पिसांच्या तिरांना चिकटून बसायची आणि वन्सं माझ्याकडे वळून नुसत्या भुवया उडवायच्या. त्या भुवया मला अजून दिसतात.

असे पाच तीर जुळले. लागत होते सहा. सहावी काडी काही केल्या ऐकेना. पितळ वाढवून वाढवून तोंड जड झालं, तरी डावीकडेच. मामंजी म्हणाले, बाय, राहू दे ही काडी, पोरगी हट्टी आहे. वन्सं म्हणाल्या, तुमच्यावर गेलीय.

त्या रविवारी सकाळी वन्सं नदीवर धुणं घेऊन गेल्या होत्या. मी भाजी निवडत होते. मामंजींनी शेगडी पेटवली आणि ती काडी निखाऱ्यावर धरली, बोरू धरतात तशी, बोटांत फिरवत. जळक्या प्लास्टिकसारखा वास आला. मी नाक मुरडलं तर म्हणाले, जुना डिंक असेल त्यात. बोरूचा रंग बदलतो आणि सांगतो की थांब. ही मुळातच काळी. कितीही भाजली तरी काळीच. त्यांनी ती गार झाल्यावर वाकवली आणि खूश होऊन मला दाखवली. "आली बघ नरम."

दुपारी वन्संनी तीच आधी घेतली. वाकवली, पिळली, कानाशी धरली, कुरकुरली नाही. मी बघत होते, त्यांनी सगळं केलं. म्हणाल्या, आज कशी शहाणी झाली ही. मग दोरी ओढली.

आठवड्याने सर घरी आले. वन्संच्या हाताला बँडेज होतं. सर म्हणाले, हात बरा होईल, स्पर्धेला वेळ आहे, मी जागा ठेवतो. मग त्यांनी फुटलेले तुकडे मागितले. मी खिडकीत ठेवले होते ते दिले. त्यांनी एक तुकडा नखाने खरवडला तर त्याचे कांद्यासारखे पापुद्रे सुटले. त्यांनी वास घेतला. "ही तापवली होती का कोणी?"

मामंजी कोपऱ्यात बसले होते. त्यांनी मान वर केली, ओठ उघडले. वन्सं लगेच बोलल्या.

"कोणी नाही, सर. आधीपासून चिरलेली असेल. मी वाकवून बघितली नाही."

"बघितली नाही?"

"घाईत होते."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. वन्संनीही पाहिलं. मी चहाचे कप उचलले आणि आत गेले.

सर रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले, रांगेत बाजूला दुसरी मुलं उभी असतात. तीर न तपासणाऱ्याला मी तिथे उभं करू शकत नाही. चूक नव्हतीच त्यांची. ते गेले आणि पुन्हा आले नाहीत.

रात्री भांडी घासताना मी वन्संना म्हणाले, खरं सांगितलं असतं तर गेला असतात तुम्ही. त्या म्हणाल्या, "गेले असते. आणि बाबांनी पुन्हा शेगडी पेटवली नसती."

डावा अंगठा आखडला तो आखडलाच. त्या हाताने कामठा पेलेना. पावसाळा संपल्यावर एक दिवस मामंजी बांबू घेऊन बसले. त्यांनी हलका कामठा केला, उजव्या हातात धरायचा. दोरी डाव्या हाताच्या तीन बोटांनी ओढायची, तिथे अंगठा लागत नाही. मग शेगडी पेटवून बोरू शेकले. वन्सं सगळं उलट शिकल्या. मीही शिकले. आता ताठ तीर उजवीकडे जायचा आणि मी सवयीने डावीकडे ओरडायचे, मग त्या हसायच्या. तसे पुष्कळ रविवार गेले. स्पर्धेचं नाव त्यांनी काढलं नाही. चप्पल त्यांनी कामावर जाताना वापरून झिजवली.

मागच्या मोकळ्या जागेत आता बिल्डिंग आहे. पाच काड्या माझ्याकडेच आहेत. दोन मी दारापुढे कारल्याच्या वेलाला आधाराला लावल्यात, उन्हापावसात अजून सरळ उभ्या आहेत. बाकीच्या तीन कपाटावर. कधी रविवारी दुपारी डोळा लागता लागता दोरीचा आवाज येतो आणि मी तोंड उघडते सांगायला की कुठे लागला. मग कळतं की कोणी विचारलेलं नाही.

मामंजी झोपेत गेले. वन्सं त्यांच्यानंतर चार वर्षांनी काविळीने गेल्या, त्यांचा तो हात माझ्या हातात होता. तीर फुटला त्या रविवारी मागे आम्ही तिघं होतो. त्यातली मी राहिले.