बांधावरची वाट

सुमात्राच्या डोंगरातल्या मिनांगकाबाऊ लोकांच्या एका गावात मी भातखाचराच्या बांधावर थांबले होते. चिखलात राबणाऱ्या माणसाला दुभाष्यामार्फत विचारलं, "शेत तुमचं का?"

"माझं कसं असेल? बायकोचं. तिला तिच्या आईकडून आलं." मग पलीकडे पेरू खात बसलेल्या आपल्या लहानग्या मुलीकडे बोट दाखवून म्हणाला, "पुढे हिचं." सांगताना त्याची छाती फुगली होती.

मला हक्कसोडपत्रावरची माझी सही आठवली. शहाणी बहीण म्हणून भावांनी पेढे दिले होते. जगाची रीतच तशी आहे, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते.

मुलगी उठली आणि अरुंद बांधावरून सरळ माझ्याकडे चालत आली. मालकीणच ती. मी खुशाल चिखलात उतरले आणि तिला वाट दिली.